कॉलेज संपलं, पण एक विषय बोलायचा राहिलाय

शेवटचा_बाक

परवा शेवटची व्हायवा झाली. बाहेर आले, गळ्यातलं ओळखपत्र काढलं आणि ते हातात धरून बराच वेळ जिन्यावर बसून राहिले. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. डोक्यात दुसऱ्या वर्षातले १९ दिवस फिरत होते. त्याबद्दल घरी एकदा बोलणं झालंय, मैत्रिणीशी अर्धवट झालंय, पण नीट शब्दांत मी ते कधी मांडलं नाही. म्हणून हा धागा. लांबणार आहे, सांभाळून घ्या.

मी भौतिकशास्त्राची. तिसऱ्या सेमिस्टरला माझा गणिती पद्धतींचा पेपर राहिला. गणितात शाळेपासून कधी अडले नव्हते, त्यामुळे निकाल बघून आधी वाटलं की दुसऱ्याच कुणाचा उघडलाय. बैठक क्रमांक तीनदा ताडून पाहिला. मग लॅपटॉप मिटला आणि ठरवलं, घरी सांगायचं नाही. रिव्हॅल्युएशनला टाकू, मार्क वाढले तर सांगायची वेळच येणार नाही.

बाबा दर रविवारी रात्री फोन करतात. त्यांचा प्रश्न ठरलेला, "झोप होते ना नीट?" मी हो म्हणायचे. अभ्यासाबद्दल, निकालाबद्दल एक अक्षर नाही. मला सुटल्यासारखं वाटायचं आणि रागही यायचा. निकाल कधी लागतो हेसुद्धा यांच्या लक्षात नसावं?

रूममेटला चौथ्या दिवशी कळलं. मी सांगितलं नव्हतं, माझा दिवा रात्रभर चालू असायचा त्यावरून तिने ओळखलं. तिने विचारलं काहीच नाही. दुसऱ्या रात्री वही घेऊन माझ्या टेबलाशी आली आणि म्हणाली, "मला फूरिए सिरीज कळत नाहीये, समजावून सांग." ती त्या पेपरात चांगल्या मार्कांनी पास झाली होती. हे मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे तिलाही माहीत होतं. तरी मी समजावायला बसले. मी वहीत डोकावले की ती म्हणायची, "वही मीट. न बघता सांग."

फूरिए सिरीज म्हणजे एखादी लाट साध्या साइन लाटांच्या बेरजेतून मांडणं; त्यातली एकेक साइन लाट म्हणजे एक पद. एकदम वर, एकदम खाली जाणारी चौकोनी लाटही अशी उभी करता येते. पण लाट जिथे एकदम उडी घेते, तिथे कितीही पदं मिळवत गेलं तरी उडीच्या साधारण ९ टक्के उंचीचं एक टोक वर राहतंच. ते अरुंद होत जातं, बुटकं होत नाही. असं का होतं हा प्रश्न परीक्षेत आला होता आणि मी पाठ केलेलं सूत्र लिहून पुढे गेले होते. रात्री दीड वाजता तिला सांगता सांगता अडखळले, दोघींनी कागदावर तीन पदं, मग पाच, मग अकरा पदं मिळवून आकृत्या काढल्या, आणि तेव्हा ते टोक मला पहिल्यांदा खरंच दिसलं. फेरपरीक्षेची माझी तयारी त्या रात्री सुरू झाली.

आता श्रद्धेबद्दल. मी लहानपणापासून झोपण्याआधी प्रार्थना करते, आजीने लावलेली सवय. त्या दिवसांत माझी प्रार्थना म्हणजे निव्वळ सौदा होता. मार्क वाढू दे, मग मी असं करीन, तसं करीन. एकोणिसाव्या रात्री रिव्हॅल्युएशनचा निकाल आला. बदल नाही. त्या रात्री मागायला काही उरलंच नव्हतं. नुसती बसून राहिले. बऱ्याच वेळाने मनात एवढंच आलं, 'खरं बोलायचं बळ दे.' मार्क वाढले नाहीत. फोन मात्र उचलला गेला.

रविवार नव्हता. बाबांनी पहिल्याच रिंगला घेतला. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. ते म्हणाले, "माहीत आहे बाळा. निकाल लागला त्याच दिवशी मेसेज आला होता."

पालकांचा नंबर कॉलेजकडे नोंदवलेला असतो, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. दोन रविवार "झोप होते ना नीट?" विचारलं, ते सगळं माहीत असताना.

पुढे फेरपरीक्षेत विषय सुटला, आता पदवीही मिळेल. पण ही गोष्ट माझ्या मनात नीट बसत नाही. त्यांनी मला सांभाळलं असं वाटतं, आणि कधी वाटतं की १९ दिवस एकटीला सोडलं. मला मिळालेली कुठलीच मदत मदतीसारखी दिसत नव्हती. तुमच्या शिक्षणात असं कुणी होतं का? आणि घरच्यांनी विचारायला हवं होतं का?

खडू_फळा

सर्वप्रथम मनापासून अभिनंदन. मी बरीच वर्षं शिकवतो आहे, त्यामुळे आधी तुझ्या रूममेटबद्दल बोलतो. तिने जे केलं त्याला शास्त्रीय आधार आहे. २००६ साली रोडिगर आणि कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी तोच उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो बाजूला ठेवून आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा चित्र उलटलं, आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात जास्त राहिलं होतं. "वही मीट" हे एक वाक्य मी वर्गात शंभरदा सांगतो, पण माझं ऐकून कुणी वही मिटत नाही. मैत्रिणीने म्हटलं की मिटतात.

दुसऱ्या प्रश्नावर माझं मत पक्कं नाही. इतरांचं वाचून लिहितो.

दोन_मुलांची_आई

तुझं लिखाण वाचून पोटात कालवलं गं. माझा मोठा सध्या दुसऱ्या वर्षाला आहे, बाहेरगावी. निकालाचा मेसेज मलाही येतो. मागच्या सेमिस्टरला एक विषय राहिलाय त्याचा. त्याने सांगितलेलं नाही, मीही विचारलेलं नाही. मी स्वतःला समजावत होते की त्याला वेळ देते आहे. तुझे ते १९ दिवस वाचले आणि खरंच कळेना, मी वेळ देते आहे की तोंड चुकवते आहे? कृपया सांगाल का कुणी, विचारू की नको?

ऐकणारी

मी विद्यार्थ्यांची समुपदेशक आहे. या धाग्यातल्या गोष्टीशी जवळजवळ जुळणारा एक अभ्यास आहे, तो आधी सांगते.

२००० साली नायल बोल्जर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमध्ये वकिलीच्या परीक्षेला बसणाऱ्यांचा आणि त्यांच्या जोडीदारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. परीक्षेआधीच्या दिवसांत दोघांनीही रोज स्वतंत्र नोंदी ठेवायच्या होत्या. आज आधार दिला का, आज आधार मिळाला का. ज्या दिवशी जोडीदाराने 'दिला' असं लिहिलं पण परीक्षार्थीला तो जाणवला नव्हता, त्याचा उपयोग सगळ्यात चांगला दिसला. जाणवलेल्या मदतीने मात्र काही वेळा ताण वाढला होता. कारण असं सुचवलं गेलं की मदत डोळ्यांना दिसली की 'मला हे एकट्याने जमत नाही' हेही माणसाला दिसतं. तुझ्या मैत्रिणीने "मला समजावून सांग" म्हणताना तुला मदत घेणारीच्या जागी बसवलंच नाही. तिला हे कुणी शिकवलं नसेल, तरी तिने नेमकं केलं.

पण यावरून 'गप्प राहणंच बरं' असा अर्थ काढू नये. २००९ साली मायझेल आणि गेबल यांच्या अभ्यासातून दिसलं की उघड मदतीनेही माणसाला बरं वाटतं, फक्त ती त्याला समजून घेऊन, त्याच्या गरजेला धरून दिलेली असावी लागते.

दोन_मुलांची_आई, तुमच्यासाठी. मार्कांवरून सुरुवात करू नका, पण माहीत असल्याचं लपवूही नका. 'मेसेज आला होता, मला माहीत आहे, तुला बोलावंसं वाटेल तेव्हा मी आहे' एवढं सांगितलं तरी त्याच्या डोक्यावरचं लपवण्याचं ओझं उतरतं. आणि एक गोष्ट ठामपणे सांगते. मूल जेवत नाही, झोपत नाही, फोन घेणं बंद केलंय, आवडीच्या गोष्टींतून अंग काढून घेतलंय, जगण्यात अर्थ नाही असं काही बोलतंय, यातलं काहीही दिसलं तर वाट बघू नका. थेट विचारा, शक्य असेल तर त्याच दिवशी जाऊन भेटा, जाणकाराची मदत घ्या.

रातपाळी

मी हा धागा दोनदा उघडून बंद केला. शेवटी लिहायचं ठरवलं.

मला घरून आधार नव्हता. 'नव्हता' म्हणजे खरंच नव्हता. कॉलेजला जायला विरोध होता, आणि मी गेले तेव्हा बोलणं बंद झालं. दिवसा तास, रात्री काम. नापास झाले असते तर कुणाला मेसेज गेला नसता, पास झाले तेव्हाही कुणाला गेला नाही. पालकांच्या नंबरच्या रकान्यात मी माझाच दुसरा नंबर लिहिला होता.

धागाकर्तीबद्दल मनात काही वाईट नाही. पण पदवी मिळाली की सगळीकडे 'आईबाबांमुळे' असं लिहिलेलं वाचते तेव्हा वाटतं, मग माझी पदवी कुणामुळे? तुझे बाबा १९ दिवस गप्प राहिले, त्याला 'सोडलं' म्हणू नकोस असं मला तळमळून सांगावंसं वाटतंय. गप्प राहून वाट बघणं आणि गप्प राहून पाठ फिरवणं यांत किती अंतर आहे ते मी पाहिलंय. फोनच्या त्या बाजूला कुणीतरी श्वास घेत होतं, तुझी झोप विचारत होतं.

शेवटचा_बाक

रातपाळी, तुझं वाचून खूप वेळ काही लिहिताच आलं नाही. 'सोडलं' हा शब्द मी फार सहज वापरला. तुझं म्हणणं मनावर घेतलंय.

एक विचारू? नको वाटलं तर उत्तर देऊ नकोस. त्या वर्षांत कुणीच नव्हतं का?

प्रश्नचिन्ह

अभिनंदन! मी देव मानत नाही, हे आधीच सांगतो. म्हणूनच तुझा प्रार्थनेचा परिच्छेद मी सगळ्यात लक्ष देऊन वाचला. एक प्रामाणिक प्रश्न आहे. फोन करायचं बळ तुझ्यात होतंच, ते तू स्वतःच गोळा केलंस. मग त्यात श्रद्धेचं काम नेमकं कोणतं? मैत्रिणीजवळ बोलली असतीस तरी हेच झालं नसतं का? वाद घालायचा नाही, समजून घ्यायचंय. माझ्या शेवटच्या वर्षी मलाही अशा रात्री होत्या आणि मी त्या टेकडीवर चालत काढल्या.

शेवटचा_बाक

प्रश्नचिन्ह, यावर मी आज दिवसभर विचार केला.

मैत्रिणीसमोर मी सावरून बसायचे. तिला माझी काळजी वाटू नये म्हणून चेहरा ठीक ठेवायचे. प्रार्थनेत तो चेहरा धरून ठेवायची गरज नव्हती. सौदा करत होते तोवर तिथेही ढोंगच होतं, ते त्या रात्री गळून पडलं. जो सगळं जाणतो असं मी मानते त्याच्यापासून लपवून काय करणार? तिथे एकदा खरं बोलले आणि मग बाबांशी खरं बोलणं ही दुसरी वेळ झाली. पहिली वेळ अवघड असते, ती तिथे पार पडली होती. तू टेकडीवर चालत होतास तेव्हा तुझ्या बाबतीतही असंच काही होत असेल का, मला माहीत नाही. पण माझ्या आयुष्यातली ती जागा रिकामी नाही, तिथे कुणीतरी आहे असं मला वाटतं. हे मी सिद्ध करू शकत नाही आणि करायचंही नाही.

ऐकणारी

मध्येच बोलते. केनेथ पारगमेंट आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली श्रद्धाळू माणसं अडचणीला कशी तोंड देतात याचे तीन प्रकार मांडले होते. काही जण सगळं देवावर सोपवून वाट बघतात. काही म्हणतात, देवाने बुद्धी दिली आहे, आता माझं मी बघतो. आणि काही जण देव सोबत आहे असं धरून स्वतः हातपाय हलवतात. 'पास कर' ते 'बळ दे' हा तुझा प्रवास मला पहिल्यातून तिसऱ्यात गेल्यासारखा वाटला. माझ्याकडे येणाऱ्या मुलांपैकी काही जण पहिल्यातच अडकतात आणि निकाल वाईट लागला की 'देवाने मला टाकलं' म्हणून दुहेरी दुःखात जातात. त्यांच्याशी बोलताना मला तुझी एकोणिसावी रात्र आठवेल.

प्रश्नचिन्ह

'पहिली वेळ तिथे पार पडली होती' हे पटलं. टेकडीवर मी मोठ्याने बोलायचो, हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. कुणाशी बोलायचो ते मलाही ठरवता आलेलं नाही. धन्यवाद.

अनुस्वार

छोटीशी भर. पदवीधराला 'स्नातक' म्हणतात तो शब्द 'स्ना' म्हणजे न्हाणे या धातूवरून आलाय. विद्या पुरी झाल्यावर स्नान करून गुरूकडून निघणारा तो स्नातक. अशा निघणाऱ्या शिष्याला गुरूने केलेला उपदेश तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत आहे. त्यातलं 'खरं बोल' आणि आई, वडील, आचार्य यांना देव मानण्याबद्दलचं सगळ्यांना ठाऊक असतं. मला त्यातली पुढची ओळ फार आवडते. तिथे गुरू सांगतात की आमची जी चांगली वर्तनं असतील तेवढीच तू घे, बाकीची नकोत. ज्याला देव मानायला सांगितलं, त्याचं सगळंच बरोबर असं मात्र धरायला सांगितलं नाही. धागाकर्ती, वडिलांच्या गप्प राहण्यातलं तुला योग्य वाटेल तेवढं घे. रातपाळी, हे तुमच्यासाठीही लिहिलंय.

रातपाळी

अनुस्वार, ही ओळ मी लिहून ठेवली आहे.

शेवटचा_बाक, तू विचारलंस त्याचं उत्तर द्यायला दोन दिवस लागले, कारण आधी 'कुणीच नाही' असंच लिहिणार होते. मग आठवत गेलं.

आमच्या लायब्ररीत एक बाई होत्या. मी कामावरून थेट यायचे, दार उघडायला अर्धा तास असायचा. एका सकाळी त्या लवकर आल्या आणि म्हणाल्या, "मला आत पुस्तकं लावायची असतात, तू बाहेर कशाला थांबतेस, बस आत." पुढची दोन वर्षं त्या रोज लवकर यायच्या. खिडकीजवळच्या टेबलावर मी डोकं ठेवून झोपायचे. तास सुरू व्हायच्या आधी त्या माझ्या टेबलावर एखादं पुस्तक जरा आवाज करून ठेवायच्या, की मी जागी व्हायचे. त्यांनी मला कधी उठवलं नाही.

मी समजत होते की त्यांना खरंच पुस्तकं लावायची असायची. परवा ऐकणारींचा तो परीक्षेचा अभ्यास वाचला आणि डोक्यात आलं, दोन वर्षं रोज अर्धा तास कुठली पुस्तकं लावत होत्या त्या? पुस्तकं तर आदल्या संध्याकाळीच जागेवर गेलेली असायची. मी पाहिलेलं आहे.

मी त्यांना 'येते' सुद्धा न म्हणता कॉलेज सोडलं.

खडू_फळा

रातपाळी, अजून उशीर झालेला नाही. अशी माणसं निवृत्त झाली तरी त्यांचा पत्ता कॉलेजच्या कार्यालयात कुणा ना कुणाला ठाऊक असतो. मला काही जुने विद्यार्थी भेटायला येतात आणि मी विसरून गेलेल्या गोष्टी सांगतात. त्या दिवशी मला घरी गेल्यावरही बरं वाटत राहतं. त्यांनाही वाटेल.

धागाकर्तीच्या प्रश्नावर माझं मत आता सांगतो. तुझ्या वडिलांनी विचारलं असतं तर तू कदाचित खोटं बोलली असतीस, आणि मग ते खोटं निस्तरावं लागलं असतं. त्यांनी तुला खोटं बोलायची वेळच येऊ दिली नाही. पण १९ ऐवजी ४० दिवस झाले असते तर? तेव्हा गप्प राहणं चूक ठरलं असतं असं मला वाटतं. हे त्यांना एकदा विचारून बघ.

दोन_मुलांची_आई

काल रात्री मुलाला फोन केला. ऐकणारींनी सांगितलं तसंच बोलले, शब्द थोडे अडखळले. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाला, "तुला कधीपासून माहीत आहे?" मी खरं सांगितलं. तो म्हणाला, "मग मी उगाचच दोन महिने..." आणि रडायला लागला. मीही. आम्ही तासभर बोललो, त्यात विषयाबद्दल फार तर पाच मिनिटं. येत्या शनिवारी जाऊन येते त्याच्याकडे. इथल्या प्रत्येकाचे आभार.

शेवटचा_बाक

काकू, किती बरं वाटलं म्हणून सांगू!

खडू_फळा सर, मी आज घरी आईला विचारलं. बाबा समोरच होते पण उत्तर आईने दिलं. ती म्हणाली, "यांनी मेसेज वाचला त्याच रात्री निघायची तयारी केली होती. मी अडवलं. म्हटलं, आपण गेलो तर ती आपल्यासाठी रडणं आवरेल." मग रूममेटचा नंबर शोधून त्यांनी तिला फोन केला होता. ती खोलीत आहे ना, एकटी नाही ना, एवढंच विचारायला. रोज. आणि महिना उलटला असता तर दोघं येणारच होते.

म्हणजे चौथ्या दिवशी रूममेटने दिव्यावरून ओळखलं नव्हतं. तिला आईबाबांनी सांगितलं होतं. फूरिए सिरीजची कल्पना मात्र तिची स्वतःची, हे तिला आत्ता फोन करून विचारून घेतलं. आधी हसली, मग म्हणाली, "इतकी वर्षं मी हे पोटात ठेवलं, तुझ्या आईला शब्द दिला होता."

उद्या ती सामान न्यायला हॉस्टेलवर येते आहे, मीही जाते आहे. रातपाळी, त्या बाईंचा पत्ता मिळाला तर इथे नक्की लिही.

रातपाळी

आज सकाळी कॉलेजच्या कार्यालयात फोन केला. त्या अजून तिथेच आहेत. दार उघडायची वेळही तीच आहे. सोमवारी त्या वेळेच्या अर्धा तास आधी जाऊन उभी राहते.